हरियाल मोठा की नीलवंत?

आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत दर रविवारी सकाळी आम्ही सामान्यज्ञानाचा तास घेतो, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहेच. शिष्यवृत्तीच्या आणि पुढे स्पर्धा परीक्षांच्या दृष्टीने मुलांची तयारी व्हावी, हा त्यामागील उद्देश. गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपल्यावरच्या पहिल्याच रविवारी राज्यचिन्हांवरचे प्रश्न घेतले होते. आम्ही विचारावे आणि मुलांनी एका सुरात उत्तर द्यावे. राज्यप्राणी? शेकरू. राज्यवृक्ष? आंबा. राज्यफूल? ताम्हण. राज्यपक्षी? हरियाल. राज्यफुलपाखरू? नीलवंत. पाचपैकी पाच गुण! आमची छाती अंमळ फुगली.

इतक्यात मागच्या सतरंजीवर बसलेल्या सहावीतल्या एका मुलीने हात वर केला.

"काका, तुम्ही हरियाल बघितलाय?"

वाचकहो, खोटे कशाला सांगावे? आम्ही तो बघितला नव्हता. गेली कित्येक वर्षे आम्ही हे नाव मुलांच्या वहीत उतरवून देत होतो. हरियाल म्हणजे आमच्या लेखी एका गुणाच्या प्रश्नाचे उत्तर होते, याहून अधिक काही नव्हते. "नाही बाळ," एवढेच आम्ही म्हणालो.

"आणि नीलवंत?"

तेही नाही. म्हणजे मोठे काळे-निळे फुलपाखरू पावसाळ्यात कधीमधी दिसलेले असणार, पण त्याचेच नाव नीलवंत, हे कुठे माहीत होते?

मग मुलांमध्येच वाद जुंपला, दोघांत मोठा कोण? आठवीतला एक उंचेला मुलगा ठासून म्हणाला, "हरियालच मोठा. तो पक्षी आहे. फुलपाखरू म्हणजे शेवटी किडाच." सगळे हसले. ती मुलगी मात्र हसली नाही. तिने खाली बघतच विचारले, "पुस्तकात लिहिलंय, फुलपाखराची आई पानावर अंडं घालते आणि निघून जाते. मग पिल्लाला वाढवतं कोण?"

या मुलीचे घर आम्हाला माहीत आहे. वडील तिच्या लहानपणीच वारले. आई दुसऱ्या शहरात एका आजारी वृद्धेच्या सेवेला चोवीस तास राहते आणि महिन्यातून दोन दिवस घरी येते. मुलगी इथे आजीपाशी असते. तिचा प्रश्न केवळ फुलपाखराबद्दलचा नव्हता, हे आमच्या ध्यानात आले. आणि ध्यानात आल्यामुळेच आमची जीभ अडखळली. कचेरीत अडचणीचा कागद समोर आला की "तपासून सादर करतो" असा शेरा मारायची आम्हा कारकुनांना सवय. तसेच आम्ही म्हणालो, "पुढच्या रविवारी सांगतो."

तो पुढचा रविवार उजाडायला दहा महिने लागले. आज त्या दहा महिन्यांची हकिकत.

उंबरावरची सकाळ

ठाणे जिल्ह्यातील आमच्या या वसाहतीच्या कोपऱ्यात एक जुने उंबर आहे. आमच्याच इमारतीत राहणारे निवृत्त रेल्वे कामगार, ज्यांना सगळे आबा म्हणतात, त्यांना आम्ही सहज विचारले की हरियाल कुठे बघायला मिळेल. आबा हसले. म्हणाले, "अहो, रोज तुमच्या डोक्यावर बसतो की! उद्या ऊन पडताना या."

डिसेंबरातली सकाळ होती. आबांनी वर बोट केले. आम्हाला पाने दिसली, उंबरे दिसली, पक्षी काही दिसेना. आबा म्हणाले, "घाई करू नका, नुसतं बघत राहा." थोड्या वेळाने एक पान हलले आणि ते पान नसून पक्ष्याची मान असल्याचे कळले. मग दुसरा दिसला. मग शेंड्यावर उन्हाला बसलेले चार दिसले. मोजता मोजता एकोणीस झाले! इतका वेळ ते सगळे आमच्यासमोरच बसले होते, आणि आम्ही "झाड रिकामे आहे" असे म्हणत होतो.

हरियाल हे कबुतराच्या कुळातले पाखरू. काही ठिकाणी त्याला हरोळी असेही म्हणतात. आकाराने साधारण आपल्या कबुतराएवढाच, म्हणजे चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे ३३ सेंटिमीटर. अंग पिवळसर हिरवे, डोके राखाडी, खांद्याशी जांभळट डाग आणि पाय हळदीसारखे पिवळे. हे पिवळे पाय म्हणजे त्याची खूणच, कारण आपल्याकडच्या इतर हिरव्या कबुतरांचे पाय तांबडे असतात. तो इतर कबुतरांसारखा घुमत नाही. चढउतार असलेली मऊ शीळ घालतो. वड, पिंपळ, उंबर यांची फळे हे त्याचे मुख्य अन्न. फळापर्यंत पोचण्यासाठी पोपटासारखा डहाळीला उलटा लोंबकळतानाही आम्ही त्याला बघितले.

आबांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या गावाकडे म्हणतात की हरियाल जमिनीला पाय लावत नाही. पाण्यावर उतरायचे झाले तर पायात काडी धरून उतरतो आणि त्या काडीवर बसतो. ऐकायला गोष्ट मोठी गोड आहे. पण पुस्तके चाळली तेव्हा उलगडा झाला. त्याचे सगळे खाणे झाडावर, घरटे झाडावर, झोप झाडावर. खाली उतरायचे त्याला कारणच फारसे पडत नाही. तहान लागली तर तोही क्वचित खाली उतरतोच, आणि तेव्हा इतर पाखरांसारखाच पायांवर उभा राहतो. जे क्वचित घडते, ते घडतच नाही असे लोक धरून चालतात, आणि मग त्याला कथेचे कोंदण मिळते. आपल्या समाजात कितीतरी समजुती अशाच जन्माला आलेल्या आहेत. पूर्वी मांसासाठी हरियालाची शिकार फार होई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आता तो गुन्हा आहे, हेही या निमित्ताने मुलांना सांगितले.

एप्रिलमध्ये इमारतीमागच्या आंब्यावर एका जोडीने घरटे केले. घरटे कसले! दहा-वीस काड्या आडव्यातिडव्या टाकलेल्या. कचेरीत आमच्या हातून असे काम झाले असते तर साहेबांनी मेमोच दिला असता. खालून बघितले तर काड्यांच्या फटींतून आतली दोन पांढरी अंडी दिसत होती. नर आणि मादी आळीपाळीने अंड्यांवर बसत. आबा रोज संध्याकाळी मुलांना घेऊन लांबूनच हजेरी घ्यायचे.

पिले बाहेर आली तेव्हा त्या सहावीतल्या मुलीने विचारले, "यांना दूध कोण पाजतं?" इतर मुले पुन्हा हसली. पण, वाचकहो, हसण्यासारखे त्यात काही नव्हते. कबुतराच्या कुळात नर आणि मादी या दोघांच्याही गळ्याखाली जी अन्नपिशवी असते, तिच्या आतल्या अस्तरातून दह्यासारखा घट्ट पांढुरका पदार्थ तयार होतो. त्याला कबुतराचे दूधच म्हणतात. त्यात प्रथिने असतात, चरबी असते. पहिले काही दिवस पिलांना हेच अन्न. पुढे त्यात हळूहळू फळांचा लगदा मिसळू लागतो. पाखरांमध्ये असे दूध कबुतरकुळाखेरीज रोहित पक्षी आणि एम्परर पेंग्विन यांच्याकडेच आढळते. इतर बऱ्याच पाखरांना पिलांच्या वाढीसाठी किडे-अळ्या शोधून आणाव्या लागतात, मग ती स्वतः दाणे खाणारी का असेनात. हरियालाला ती यातायात नाही. तो स्वतः फळे खातो आणि पिलांना आपल्या अंगातून दूध देतो. आणि लक्षात घ्या, बापसुद्धा देतो! हे ऐकल्यावर वर्गातल्या मुली मुलांकडे बघून हसल्या.

आमच्या हातून घडलेली चूक

आता नीलवंताकडे वळायचे. पण त्याआधी एक कबुलीजबाब देणे आम्हाला भाग आहे.

आमच्या पत्नीने गॅलरीत मोठ्या कुंडीत कागदी लिंबाचे रोप वाढवले आहे. त्या प्रश्नाच्या आधीच्या श्रावणात एकदा कोवळ्या पानांवर पाखरांनी शिटल्यासारखे तपकिरी-पांढरे ठिपके दिसले. चिमण्यांची घाण समजून आम्ही तिकडे लक्ष दिले नाही. आठवड्याभराने बघतो तो पानांच्या नुसत्या शिरा उरलेल्या, आणि फांदीवर बोटाएवढ्या गलेलठ्ठ हिरव्या अळ्या. काडीने एकीला डिवचले, तर तिने डोक्यामागून तांबूस रंगाचे दुटोकी शिंग बाहेर काढले आणि आंबूस उग्र वास सोडला. पत्नी घाबरली. आम्ही तडक दुकानात गेलो, फवारा आणला आणि दोन मिनिटांत काम उरकले. खाली पडलेल्या अळ्या सुपलीत भरून कचऱ्यात टाकल्या. लिंबू वाचवल्याचे समाधान मानून चहा घेतला.

त्यानंतर तीन महिन्यांनी आम्ही मुलांकडून "राज्यफुलपाखरू नीलवंत" हे घोकून घेत होतो!

पुस्तकातून पुढे कळले की लिंबाच्या कुळातील झाडांची पाने हेच नीलवंताच्या अळीचे अन्न. लिंबू, पपनस, संत्रे, रानातले माकडलिंबू ही तिची घरे. गॅलरीतल्या लिंबावर जास्त करून येते ती त्याच्याच गोतातल्या, पिवळट-काळ्या लिंबाळी फुलपाखराची अळी. दोघींचे बालपण पुष्कळसे सारखे असते. आम्ही मारल्या त्या कुणाच्या होत्या, हे आता कळायचा मार्ग नाही. त्या नीलवंताच्या नसतीलही. पण मारताना आम्ही कुठे चौकशी केली होती?

पानावरचे बालपण

यंदाच्या ऑगस्टमध्ये एका उघडिपीच्या दुपारी पत्नीने आम्हाला हाक मारली. कुंडीवर तळहाताहून मोठे फुलपाखरू घिरट्या घालत होते. मखमली काळे पंख, त्यावर फिकट निळ्या रंगाचे पट्टे, मागच्या पंखांच्या निळ्या भागात काळे ठिपके. पंख पसरल्यावर या फुलपाखराची रुंदी १२ ते १५ सेंटिमीटर भरते. देशातल्या मोठ्या फुलपाखरांपैकी ते एक. पश्चिम घाट, दक्षिण भारत आणि श्रीलंका हा त्याचा मुख्य मुलूख, आणि पावसाळ्यात व त्यानंतर ते आपल्या बागांतही हिंडते. इंग्रजीत त्याला ब्लू मॉर्मन म्हणतात. राणी पाकोळी असेही त्याचे एक नाव आहे. २०१५ साली महाराष्ट्राने त्याला राज्यफुलपाखरू म्हणून घोषित केले. असे फुलपाखरू ठरवणारे आपले राज्य देशात पहिले.

ही मादी होती. ती पानावर टेकायची, पुढचे पाय पानावर भराभर आपटायची आणि उडून दुसऱ्या पानावर जायची. आम्हाला वाटले, भिरभिरी आहे. पण तिचे काम शिस्तीत चालले होते. फुलपाखराच्या पायांना चव कळते. पाय आपटून ती पानाची परीक्षा घेत होती. हे लिंबाचेच आहे ना? शेजारच्या कुंड्यांत तुळस होती, जास्वंद होते, कोरफड होती. तिकडे तिने ढुंकूनही बघितले नाही. शेवटी एका कोवळ्या पानावर पोटाचे टोक वळवून तिने मोहरीसारखे एकच अंडे चिकटवले. मग दुसऱ्या डहाळीवर दुसरे. अशी पाच अंडी घालून ती कठड्यावरून निघून गेली. ती पुन्हा आली नाही.

या वेळी आम्ही फवाऱ्याची बाटली माळ्यावर टाकली आणि मुलांना बोलावले.

काही दिवसांनी अंड्यांतून बारीक अळ्या निघाल्या. बाहेर येताच त्यांनी आधी आपल्या अंड्याचे टरफल खाल्ले. आईने दिलेली ही पहिली शिदोरी. मग पानाला सुरुवात. लहानपणी त्यांचे रूप पाखराच्या विष्ठेसारखे होते, म्हणजे गेल्या खेपेला आम्ही फसलो ते त्यांच्याच युक्तीमुळे. चिमणी-बुलबुलही असेच फसतात आणि पुढे जातात. कात टाकत टाकत त्या हिरव्या झाल्या, पानांच्या रंगात मिसळल्या. पाचांपैकी दोन एका सकाळी दिसेनाशा झाल्या. एकीला गांधीलमाशीने आमच्या डोळ्यांदेखत उचलले. मुले हळहळली. गांधीलमाशीलाही तिची पोरे पोसायची असतात, हे सांगितल्यावरही त्यांचे समाधान झाले नाही, आणि ते स्वाभाविकच होते.

उरलेल्या दोघींपैकी एक कुठे गेली ते कळले नाही. दुसरीने फांदीला शेपटीकडचे टोक चिकटवले, कमरेभोवती रेशमाचा एक धागा गुंडाळून स्वतःला बांधून घेतले आणि कात टाकून ती कोष झाली. बाहेरून सगळे स्तब्ध. आत मात्र पाने चावणारे तोंड जाऊन मध ओढणारी सोंड तयार होत होती, सरपटणाऱ्या देहाला पंख येत होते. सुमारे दोन आठवड्यांनी, रविवारच्याच सकाळी, कोष उकलला. ओले, चुरगळलेले पंख घेऊन ते बाहेर आले, उलटे लोंबकळले, पंखांच्या शिरांत हळूहळू रस भरला आणि ते ताठ झाले. बावीस मुले गॅलरीत आणि जिन्यात दाटीवाटीने उभी होती, पण कुणी चकार शब्द काढला नाही. ऊन अंगावर आले तसे ते उडाले.

दोन खाती, दोन हिशेब

आम्ही पडलो बी. कॉम. कुठलीही दोन माणसे, दोन पाखरे शेजारी उभी केली की आमच्या मनात जमा आणि खर्च असे दोन रकाने पडतात. तेव्हा त्या दिवशी फळ्यावर मध्ये रेघ मारून आम्ही मुलांना दोघांचा ताळेबंद मांडायला लावला.

लांबी-रुंदीचा हिशेब लगेच संपला. एक फूटभर, दुसरे वीतभरही नाही. हरियालाला पाठीचा कणा, नीलवंताला तो नाही. त्याला दोन पाय, याला सहा. एकाच्या अंगावर पिसे, दुसऱ्याच्या पंखांवर धुळीसारखे बारीक खवले. हरियाल सहसा खाली उतरत नाही. नीलवंताचे नर मात्र पावसाळ्यात ओल्या मातीवर बसून क्षार शोषताना दिसतात. आठवीतल्या त्या उंच मुलाने हे सगळे सफाईने लिहिले आणि "म्हणजे हरियालच मोठा" असा निकालही दिला.

मग आम्ही म्हणालो, आता पालनपोषणाचा रकाना लिहा. इथे सगळे थबकले.

हरियाल दोनच अंडी घालतो. ती उबवायला दोघे, भरवायला दोघे, दूधही दोघांचे. भांडवल थोड्यांवर, पण पुरेपूर. पिलू जन्मते ते हरियाल म्हणूनच जन्मते. फक्त त्याला वाढवायचे असते. अन्न कुठूनही आणता येते. या उंबराची फळे संपली तर त्या वडावर, तिथली संपली तर पिंपळावर. पिलाने झाड बघितले नाही तरी चालते, आई-बाप बघतात.

नीलवंताचे तसे नाही. मोठे झाल्यावर तिचे आयुष्य काही आठवड्यांचे. अळीला पान चावावे लागते आणि आईच्या तोंडाला तर नुसती सोंड. तिने लेकरापाशी बसून राहायचे ठरवले, तरी त्याला भरवण्यासारखे तिच्यापाशी काहीच नाही. मग तिने काय करायचे? ती आपले सगळे शहाणपण एकाच गोष्टीत ओतते. ती पान निवडते. शंभर झाडांतून एक कुळ, त्या कुळातले एक झाड, त्या झाडाचे कोवळे पान. पायांनी चाचपून, खात्री करून. चुकीच्या झाडावर अंडे घातले तर अळी उपाशी मरेल, कारण तिला दुसरीकडे उडून जाता येत नाही. म्हणजे जाण्याआधी जेवढे करता येणे शक्य होते, तेवढे सगळे करून ती गेलेली असते.

एवढे बोलून आम्ही त्या मुलीकडे बघितले नाही. मुद्दामच बघितले नाही. फळ्यावरच बोलत राहिलो. "तेव्हा पुस्तकात 'निघून जाते' असे लिहिले आहे ते खरे, पण अर्धे खरे. 'योग्य पान शोधून, मग निघून जाते' असे वहीत लिहा."

मुलांनी लिहिले. मग त्याच मुलीचा आवाज आला, "आणि पानच कुणी तोडलं तर?"

प्रश्न बरोबर ठिकाणी लागला होता. हरियालाचे पिलू आई-बापांच्या भरवशावर असते, अळी पानाच्या भरवशावर. आणि पान कुणाच्या भरवशावर? ते आमच्या भरवशावर होते, आणि आम्ही फवारा मारला होता. तो कबुलीजबाब आम्ही त्या दिवशी मुलांपुढे दिला. काही मुलांचे चेहरे उतरले. एका चिमुरड्याने विचारले, "काका, तुम्हाला शिक्षा झाली?" आम्ही म्हणालो, "नाही झाली. म्हणून तर सांगतोय."

माणसाची तुलना किड्याशी करायची नसते, हे आम्हाला कळते. माणसाचे लेकरू काही महिनाभरात पंख फुटून उडत नाही. त्याला पानही हवे आणि हरियालाचे दूधही हवे. ज्या आईला पोटासाठी लांब जावे लागते, तिने आजीचे घर, जवळची शाळा, शेजारची अभ्यासिका बघून ठेवलेली असते. तिने निवडलेले पान हिरवे ठेवणे ही मग आपल्या सगळ्यांची जबाबदारी. अभ्यासिकेचा दिवा वेळेवर लागणे, ही त्यातली आमच्या वाट्याची छोटी नोंद.

त्या मुलीने आम्हाला काही म्हटले नाही. पुढच्या रविवारी मात्र तास संपल्यावर ती रेंगाळली आणि म्हणाली, "काका, आईला फोनवर सगळं सांगितलं. आई म्हणाली, त्या फुलपाखराचा फोटो असेल तर पाठव." आमच्या मुलाने काढलेला फोटो आम्ही तिच्या आजीच्या फोनवर पाठवला. आजीला तो उघडता येईना, तो मुलीने उघडून दिला.

उंबराचे काय?

एवढ्यावर हकिकत संपली असती तर बरे झाले असते. पण गेल्या महिन्यात आमच्या वसाहतीच्या सभेत एक विषय आला. उंबराची फळे खाली पडून घाण होते, चिलटे येतात, गाड्यांवर डाग पडतात, तेव्हा झाड काढून तिथे आणखी सहा गाड्यांची सोय करावी. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या.

सभा संपल्यावर एक शेजारी आमच्या कानाशी लागले. म्हणाले, "साहेब, सोपा उपाय सांगतो. रात्रीतून बुंध्याशी एक तसबीर ठेवून द्या आणि दोन उदबत्त्या लावा. कुणाची हिंमत होणार नाही." सूचना सद्हेतूची होती आणि कदाचित लागूही पडली असती. पण आम्ही नको म्हणालो. आज भीती घालून झाड वाचवले, तर उद्या त्याच भीतीने दुसरे काहीतरी करवून घेता येईल. आणि ज्या मुलांना दहा महिने आम्ही "बघा, मोजा, मग बोला" असे शिकवले, त्यांना काय तोंड दाखवणार?

म्हणून आम्ही आमच्या सवयीचा मार्ग धरला, अर्जाचा. नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा कायदा आपल्या राज्यात १९७५ पासून आहे. परवानगीवाचून शहरातले झाड तोडता येत नाही, आणि नागरिकांना हरकत घेता येते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून विशेष संरक्षण मिळाले. आबा इथे १९७४ साली राहायला आले तेव्हा हे उंबर दोन माणसांच्या उंचीचे होते. त्यांनी तसे लिहून सही केली. मुलांनी आपल्या वहीतली टिपणे जोडली, कोणत्या तारखेला किती हरियाल, किती वाजता. "उंबराचे फूल" म्हणजे कधी न दिसणारी वस्तू, असे आपण बोलताना म्हणतो. ते फूल फळाच्या आतच असते आणि एक इवलीशी माशी आत शिरून त्याचे परागीभवन करते, हेही एका मुलाने चित्रासह काढून दिले. असा जाडजूड अर्ज आम्ही दाखल केला, आवक क्रमांक घेतला, पोच जपून ठेवली. निर्णय अजून व्हायचा आहे. सभेतही पुन्हा बोलू. चिलटांचा आणि डागांचा त्रास खोटा नाही, त्यावर फळे रोज झाडून काढायची पाळी मुलांनी आणि आबांनी वाटून घेतली आहे.

झाड पडले तर हरियाल दुसरे झाड शोधतील. त्यांना पंख आहेत. पण प्रत्येक वसाहतीने असेच म्हटले, तर शेवटी शोधायचे कुठे?

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्या गॅलरीत लिंबाची कुंडी असेल तर दोन-चार पाने अळ्यांना सोडा. झाड मरत नाही, पुन्हा पालवते, हा आमचा अनुभव आहे. जवळपास वड, पिंपळ, उंबर असेल तर उगवत्या उन्हात पाच मिनिटे शेंड्याकडे बघा. घरातले मूल सोबत असेल तर उत्तम, त्याची नजर आपल्यापेक्षा तिखट असते.

राहता राहिला प्रश्न, मोठा कोण? आठवीतल्या त्या मुलाने परवा फळ्यावरचा आपला निकाल स्वतःच पुसला आणि त्या जागी काही लिहिले नाही. आम्हीही आग्रह धरला नाही. अभ्यासिकेत आता राज्यचिन्हांच्या प्रश्नाची गुणपद्धत मात्र बदलली आहे. नाव सांगितले तर एक गुण. स्वतः बघितले असेल तर दोन.

शेकरूच्या बाबतीत आमचा स्वतःचा अजून एकच गुण आहे.